बसून बघायची चित्रं

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुमच्या विद्यार्थिनीची चित्रं म्युझियममध्ये लागली! खराडीला, ऑफिसांच्या गर्दीत एक नवीन कलासंग्रहालय झालंय, तिथे. आणि लागली ती माझ्या अटीवर.

नारायण पेठेतल्या आपल्या शाळेत चित्रकलेच्या स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं होतं, आठवतंय? स्टीलचा डबा. पोलिओ झालेली मुलगी कुबड्या टेकत स्टेजवर चढली, टाळ्या थांबेनात. खाली उतरते तर तुम्ही समोर उभ्या. "आभाळाचा नुसता चिखल केलायस. हे बक्षीस कुबड्यांना मिळालंय, तुला नाही. परत देऊन ये." केवढी रडले मी! आईने तर तुम्हाला कैदाशीणच ठरवलं. आणि रविवारी तुम्हीच रिक्षा घेऊन दारात हजर. मग दर रविवारी तेच. तुम्ही पोळ्या लाटताय, मी तुमच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून चित्र काढतेय, आणि तव्यावरची नजर न हलवता तुम्ही म्हणताय, "तुला इथून जे दिसतं ते काढ की. उभ्याने दिसणारं काढायला बाकीचं पुणं आहे."

तेच काढत आले बाई. ओट्याची खालची बाजू, मंडईतल्या लोंबत्या पिशव्या, बसची ती उंच पायरी. आता कुबड्या जाऊन व्हीलचेअर आली. बुधवार पेठेतल्या एका दुकानदाराची नुसती हनुवटी काढलीय, तो मला सोडून माझ्या भाचीला विचारतो, "यांना काय हवंय?"

उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात म्युझियममध्ये गेले. रॅम्प होता, लिफ्ट होती, ऐसपैस स्वच्छतागृहसुद्धा होतं. आणि चित्रं टांगलेली उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर! माझीच चित्रं मला दिसेनात. प्रदर्शन मांडणाऱ्या मुलीला म्हटलं, "खाली घ्या." ती म्हणाली, "मॅम, ही स्टँडर्ड हाइट असते. लोकांना वाकावं लागेल." "वाकू देत. मी जन्मभर मान वर करून बघतेय, माझी मान काय भाड्याची आहे?" मग तिचे साहेब आले. "अहो, आपण समजून घ्या, मोठमोठी माणसं येणार आहेत." म्हटलं, "मोठ्या माणसांना कंबर नसते का?" ते काही ऐकेनात. शेवटी मी म्हणाले, टेम्पो बोलवा, चित्रं परत नेते. बोलून बसले खरी. या वयात दुसरं कुठलं म्युझियम मला बोलवणार होतं? पण नको तिथे टांगलेली चित्रं ठेवून मी घरी जाणार नव्हते.

ती मुलगी गुपचूप गेली आणि ऑफिसातली चाकाची खुर्ची ढकलत घेऊन आली. आधी स्वतः बसून दालनभर फिरली. मग म्हणाली, "सर, बसून बघा ना एकदा." साहेब नाइलाजाने बसले. खालून बघितलं की फ्रेमच्या काचेत छतावरचे दिवेच चमकतात. साहेब मान इकडे करून बघतायत, तिकडे करून बघतायत. शेवटी वैतागून म्हणाले, "अरे, पण चित्र कुठाय?" त्यांचे तेच उठले आणि म्हणाले, "सगळी खाली घ्या."

उद्घाटनाला ही गर्दी! कुणी वाकतंय, कुणी गुडघे टेकतंय, जरीच्या साड्या सावरत बायका चक्क फरशीवर बसल्यात. माझ्यासारख्याच खुर्चीतून एक आजोबा आले होते, सून खुर्ची ढकलत होती. तिने खुर्ची चित्राला अगदी खेटवून उभी केली, तर आजोबा कडाडले, "अहो सूनबाई, मागे घ्या जरा! एवढ्या जवळून चित्र बघतात का कुणी?" मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, ते बरंच आहे. कारण सगळ्यांना मी सांगितलं की हे मी माझ्यासारख्यांसाठी केलं, आणि ते खोटं नाहीच. पण त्या संध्याकाळी माझं चित्रांकडे लक्षच नव्हतं, बाई. आयुष्यात पहिल्यांदा मला वरून माणसं दिसत होती. वाकडे भांग, लपवलेली टक्कलं, मुळाशी पांढरे झालेले केस. दिवे बंद करायची वेळ झाली तरी मी तेच बघत बसले होते, आणि मला फार मजा आली.