शेजारच्या कार्डावर

९ जानेवारी

रायफल शिकायला नाव घातलं! शिलाईच्या दुकानातल्या बाया हसून लोळायच्याच बाकी होत्या. "वहिनी, नेम कुणावर?" नवरा म्हणाला, "या वयात?" म्हटलं, झोपून करायचा खेळ आहे, वयाचा काय संबंध!

खरं कारण इथेच लिहिते. लग्नाला दोन वर्षं होतील. नवऱ्याची लेक, सोळा वर्षांची, आमच्या राणीसाहेब, मला काहीच म्हणत नाही. आई म्हणणार नाही, ते समजतं मला. तिची आई तिच्या डोळ्यांदेखत गेली. पण काकू नाही, अहो नाही, अगं तर नाहीच! "चहा मिळेल का?" "दिवा घालवला तरी चालेल." घरात राहते की कचेरीत, तेच कळत नाही.

पोर वाईट नाही हो. परवा मला ताप होता तर न सांगता उशाशी गरम पाणी ठेवून गेली. फक्त बोलताना मला वळसा घालते.

ती रोज संध्याकाळी नेमबाजीच्या रेंजवर असते. म्हणून मीही जाणार. एक हाक हवीय मला तिच्याकडून. बस्स.

१२ जानेवारी

कोपरं सोलली. मान आखडली. नुसतं पोटावर पडायचं म्हणे!

१५ जानेवारी

रेंजवरच्या मास्तरांनी मला तिच्याच हवाली केलं. "घरचंच माणूस आहे, तूच शिकव." मनात उकळ्या फुटल्या — शिकवायचं म्हणजे 'तू' नाहीतर 'तुम्ही' म्हणावंच लागणार. आता कुठे पळशील बाई!

कसलं काय! "कोपर आत घ्यायचं. गाल लाकडाला टेकवायचा. अर्धा श्वास सोडायचा, मग थांबायचं." घ्यायचं, टेकवायचा, सोडायचा! इतकं बेरकी व्याकरण शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

"पट्टा आणखी आवळायचा का?" मी विचारलं.

"आवळायचा."

२२ जानेवारी

आज मास्तर ओरडले. "चाप ओढताय कशाला? दाबत जा, हळूहळू. गोळी कधी सुटली ते तुमचं तुम्हालाही कळता कामा नये." गोळी सुटायच्या आधीच मी डोळे मिटते. नेमाच्या कार्डावर एकही भोक नाही, मागच्या मातीवर मात्र चाळण. राणीसाहेब तोंड फिरवून हसत होत्या. हसताना काय गोड दिसते!

३ फेब्रुवारी

तिचं नेमबाजीचं जॅकेट खांद्यात दाटत होतं. जाड कॅनव्हास, त्यावर चामडं. बगलेची शिवण उसवून पट्टी घातली. दोन सुया मोडल्या, बोटाला एक टोचली. खुर्चीवर ठेवून दिलं. "घालून बघायचं जरा," एवढंच म्हटलं.

सकाळी: "छान झालंय."

कुणी केलंय, त्याचा पत्ता नाही! तरी दिवसभर मशीनवर गुणगुणत होते मी. वेडीच आहे.

१६ फेब्रुवारी

हसू की रडू!

क्लबची स्पर्धा. तिची संघासाठी निवड याच कार्डावर ठरायची होती. ती चौथ्या जागेवर, मी तिसऱ्या. मधल्या विश्रांतीत चष्मा पुसला, परत आडवी झाले. रायफलच्या मागच्या भोकातून पुढची रिंग, रिंगेत काळा गोल, सगळं कसं जिथल्या तिथे. अर्धा श्वास सोडला. दाबत गेले. सुटली — आणि खरंच कळलं नाही!

शेजारून किंकाळी: "अगं! माझ्या कार्डावर काय मारतेयस!"

बरोबर मधोमध. माझी आयुष्यातली पहिली दहा गुणांची गोळी, आणि ती शेजारच्या कार्डावर! मास्तरांनी कपाळाला हात लावला. "ही गोळी तिच्या हिशेबात नाही. तुमच्या नावावर शून्य."

शून्य तर शून्य. अगं म्हणाली! मारतेयस म्हणाली! मी तिथेच पडून राहिले, उठवेचना. मास्तरांना वाटलं, शून्याचंच रडतेय.

तिची निवड झाली, हे लिहायचं राहिलंच.

१७ फेब्रुवारी

"चहा मिळेल का?"

आलं पुन्हा कचेरीचं पत्र.

१८ फेब्रुवारी

रेंजवरून येताना राहवलं नाही. चिडवलं, "परवा कुणीतरी अगं म्हणालं होतं म्हणे."

कानापर्यंत लाल झाली. मग रस्त्याकडे बघतच म्हणाली, "पण तू तरी मला कधी हाक मारतेस?"

"म्हणजे?"

"नावानं. एकदा तरी मारलीयस?"

पायच थांबले माझे. जेवण झालं का. निघायचं का. घालून बघायचं जरा. राणीसाहेब म्हणते ती इथे, या पानावर. तोंडावर? काहीच नाही! तिचं नाव तिच्या आईनं ठेवलेलं. ते माझ्या तोंडून कसं वाटेल, याची भीतीच वाटायची मला. आणि ती बिचारी दोन वर्षं माझ्या हाकेची वाट बघत होती.

तरी आत्ताही जीभ रेटत नाही. मुद्दाम मारायला गेले की 'जेवण झालं का' एवढंच बाहेर पडतं.

२३ फेब्रुवारी

दोरा सुईत जाईना. वैतागले, आणि तोंडून तिचं नाव निघालं. चांगलं मोठ्यानं. कधी सुटलं, कळलंच नाही.

आतून लगेच: "ओ! आले गं!"