ताबा कधी हवा?

४ मार्च

चि. सौ. ठमीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर मला बोलायला सुचत नाही हे ओळखून तू कागदावर आलीस, बरं केलंस. फोन नेहमी तुझी आईच घ्यायची. मी आपला शेजारी उभा राहून हे विचार, ते विचार अशा खुणा करायचो.

तू सांगितल्याप्रमाणे फाटकावर 'घर विकणे आहे' अशी पाटी लागली. आईच्या ऑफिसातल्या ताई स्वतः आल्या होत्या. वीसेक वर्षं तुझ्या आईबरोबर घरं विकली त्यांनी, त्यांना पाटीचं काय कौतुक, पण खिळा ठोकताना त्यांना रडू आलं. पाटीवर अजून आईचंच नाव आहे. नव्या पाट्या छापायच्या राहिल्यात म्हणाल्या. मी म्हटलं, राहू द्या.

गंमत बघ, गावातली निम्मी घरं जिने विकली तिला हे एक घर तेवढं विकता आलं नव्हतं. जिना अरुंद, मागची खोली अंधारी. गिऱ्हाइकं यायची आणि नाक मुरडून जायची. शेवटी एका संध्याकाळी येऊन म्हणाली की आता आपणच घेऊया, नाहीतर बिचाऱ्या घराला वाईट वाटेल. तेव्हा तू पोटात होतीस. आता ते विकायची पाळी माझ्यावर आली, आणि मला तर दुकानात सुटे मागायचाही संकोच वाटतो.

प्रकृती ठीक. गुडघा त्याच्या मर्जीने वागतो. जावईबापूंना आशीर्वाद सांग. बाकी काय, माया आहे तशीच ठेव.

तुझे
बाबा


१५ मार्च

ती. रू. बाबांस सा. न. वि. वि.

पाटी लागल्याचं वाचून जीव भांड्यात पडला. तुमची खोली तयार आहे. तिला सकाळचं ऊन येतं. खिडकीशी तुमचं नकाशे काढायचं टेबल बसेल, मी मोजून बघितलंय. ह्यांनी न्हाणीघरात धरायला दांडी बसवली. तुम्ही रागावाल म्हणून सांगत नव्हते, पण सांगून टाकते.

बाबा, आई स्वयंपाकघरात पडली तेव्हा तुम्ही घरात होतात, म्हणून निदान तिचा हात तरी कुणाच्या हातात होता. तुम्ही पडलात तर कोण असेल? भलत्या वेळी फोन वाजला की मी हातातलं टाकून धावते. तेवढ्यासाठी या हो. मला आणखी काही नको.

गिऱ्हाईक आलं की आईसारखं करा. सगळे दिवे लावा, खिडक्या उघडा आणि पहिला प्रश्न तिचाच विचारा, ताबा कधी हवा? ती म्हणायची, ज्याला खरंच राहायचंय तो तारीख सांगतो आणि जो उगाच वेळ घालवायला आलाय तो छताकडे बघतो.

तब्येतीला जपा. जीव इकडे लावून ठेवा.

तुमची
ठमी


९ एप्रिल

चि. सौ. ठमीस अ. आ.

पत्राला उशीर झाला, कारण वेळच मिळत नाही. हसू नकोस. रोज कुणी ना कुणी घर बघायला येतं. तुझी आई गेल्यावर पहिले पंधरा दिवस रीघ लागली होती, आणि मग जी शांतता पसरली ती पसरलीच. लोक तिचे होते ग, माझे नव्हते. दूध आणायला गेली की तिला तास लागायचा. मी पाच मिनिटांत आणतो. घर नुसतं खायला उठायचं. आता पाटीमुळे बेल वाजते.

परवा एक नवराबायको आले. पाटीवरचं नाव वाचून बाई म्हणाली, हिनेच आमच्या आईवडिलांना घर मिळवून दिलं होतं. मग मी दोघांना बसवलं, चहा केला. तुझी आई गिऱ्हाइकाला गाडीत थांबायला सांगून दुपारी जेवायला घरी यायची, मी एकटा जेवलो तर भात तसाच टाकतो म्हणून, ते सांगितलं. पर्समध्ये कायम एक बल्ब ठेवायची तेही सांगितलं. दुसऱ्याच्या घरातला गेलेला बल्ब स्वतःच्या खर्चाने बदलायची, अंधाऱ्या खोलीत माणसाला आपला संसार दिसत नाही म्हणायची. रात्री मला त्या घरांची वर्णनं ऐकवायची. मी नोकरीत घरांचे नकाशेच काढले, पण सगळ्यात चांगली घरं तिच्या तोंडून ऐकली.

ती दोघं भली होती, पण मूल लहान आहे आणि आपला जिना अरुंद. मीच नको म्हटलं.

काळजी नसावी, आठवण असावी.

बाबा


२० एप्रिल

ती. रू. बाबांस सा. न.

आज मायन्यानंतर एकदम भांडायलाच बसले आहे.

ताईंचा फोन आला होता. बिचाऱ्यांच्या नाकी नऊ आणलेत तुम्ही. ज्यांना जिना चालत होता त्यांना तुम्ही छप्पर गळतं म्हणून सांगितलंत. छप्पर गळत नाही, बाबा! पोस्टात काम करणाऱ्या त्या बाई तर इसार द्यायला तयार होत्या. त्यांना म्हणालात, शेजारी रात्री बासरी शिकतात. शेजारचं घर बंद आहे.

तुम्हाला यायचंच नव्हतं तर पाटी कशाला लावलीत? मी इकडे रोज तुमची खोली झाडते. आईच्या शेवटच्या दिवशी मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. तुमच्या वेळीही असंच धावत येऊन बंद दारापाशी उभं राहायचं का मी? काय ते एकदा स्पष्ट लिहा. राग माझा आहे, नमस्कारही माझाच आहे.

ठमी


२ मे

चि. सौ. ठमीस अ. आ.

तुझी चिडचिड रास्त आहे. लबाडी केली. पाटी काढली की बेल वाजायची थांबेल, आणि घर विकलं तरी थांबेल. म्हणून पाटी ठेवायची आणि घर विकायचं नाही, असा मधला मार्ग काढला होता. आईचं नाव कुणी तरी मोठ्याने वाचतं ना, तेवढ्यासाठी.

पण रविवारी काय झालं ते ऐक. बघेकाका आले. ऑफिसात सगळे त्यांना ह्याच नावाने ओळखतात. वर्षानुवर्षं घरं नुसती बघतात, घेत एकही नाहीत. तुझी आई मात्र दर रविवारी त्यांना कुठलं ना कुठलं घर दाखवायची. तुझा रिकामटेकडा आला ग, असं मी चिडवायचो. ती हसायची आणि किल्ल्या घेऊन निघायची.

ते आले, प्रत्येक खोलीत जरा जरा उभे राहिले. मला अवदसा आठवली. म्हटलं, आज ह्यांची खोड मोडू, आणि विचारलं की काका, ताबा कधी हवा?

त्यांनी छताकडे पाहिलं आणि छत्री उचलली. दारात म्हणाले की बाईंनी, म्हणजे तुझ्या आईने, हा प्रश्न त्यांना कधीच विचारला नव्हता. बायको गेल्यावर त्यांना रविवारी घरात बसवत नसे. पहिल्या दिवशीच बाईंनी ओळखलं असावं, कारण दुसऱ्या रविवारी त्या स्वतःहून किल्ली घेऊन त्यांच्या दाराशी उभ्या होत्या.

ठमे, आमच्या सहजीवनाला पंचावन्न वर्षं झाली आणि ती मला हे बोलली नाही. मी टिंगल करत राहिलो आणि तिने त्या माणसाची लाज झाकली. मी त्यांचा हात धरून त्यांना परत आत आणलं आणि माळ्यापर्यंत सगळं घर पुन्हा दाखवलं. ते गेल्यावर आरशात बघितलं तर दुसरा बघेकाका तिथे उभा होता. फक्त पहिला लोकांची घरं बघतो, आणि मी माझं घर बघायला लोकांना बोलावतो.

असं व्हायचं नाही मला. पोस्टातल्या बाईंना होकार कळवला. महिनाअखेर येतो. दांडीबद्दल रागावलो नाही. सांभाळून घे.

बाबा


१८ ऑगस्ट

ती. स्व. ताईंस सा. न. वि. वि.

बाबा इथे रुळले का, असं तुम्ही ऑफिसातून फोन करून विचारलंत. सकाळी ऊन येतं, ते टेबलाशी बसतात. जेवतात. ह्यांच्याशी दोन शब्द बोलतात. तक्रार कसलीच नाही, आणि तेच मला बघवत नाही.

गेल्या आठवड्यात चौकातल्या दलालाने मला रस्त्यात गाठलं. तुमच्या वडिलांचं नक्की काय आहे, म्हणाला. आतापर्यंत चार घरं बघून झाली. प्रत्येक खोलीत उभे राहतात, नळ सोडून बघतात, एका ठिकाणी बल्ब गेला होता तर खिशातून नवा काढून लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीचं घर असताना म्हातारा दुसरं शोधतोय, असंच लोक म्हणणार. घरी येऊन बाबांना जाब विचारायचा असं ठरवलं होतं. पण रात्री जेवताना तेच आपण होऊन सांगायला लागले, आज एक घर बघितलं, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आहे, हिला आवडलं असतं. इतकं सलग ते इथे आल्यापासून बोलले नव्हते. मी ताटातच बघत राहिले, ताई. रडूही नीट येईना.

काल रविवार होता. मी म्हटलं, मीही येते. दलालाने कुलूप काढलं, दिवे लावले आणि बाबांना सरळ विचारलं की ताबा कधी हवा. बाबांनी छताकडे पाहिलं. हात खिशातल्या बल्बवर होता.

मी पुढे झाले आणि दलालाला सांगितलं की आम्हाला घाई नाही, आधी सगळ्या खोल्या नीट बघू दे.

बघेकाकांना तिकडे रविवारी कोण घेऊन जातं? तुम्हीच जात असाल तर माझा त्यांना नमस्कार सांगा. आईमागे तुम्ही आम्हाला धरून ठेवलंत, तसंच पुढेही धरून ठेवा.

तुमची
ठमी