रेवतीचा वेगळा कप

प्रतिमा,

सुनेच्या वडिलांचं पत्र इतके दिवस मी पुस्तकात खूण म्हणून ठेवलं होतं. आपण फोन उचलत नव्हतो, म्हणून गोपाळरावांनी मोताळ्याहून लिहिलं होतं, 'पोरगी तुम्हाले जड झाली असंल तर घेऊन जातो.'

दवाखान्यात काम करताना रेवतीला एचआयव्हीच्या रुग्णाला वापरलेली सुई टोचली. तिने लगेच गोळ्या सुरू केल्या, त्या रोग झाला म्हणून नाही, होऊ नये म्हणून. हे मला तोंडाने सांगता आलं नाही. तू 'तिचा कप बाजूले ठेवा' म्हणालीस आणि मी पेपरमागे बसून राहिलो. आपला विहंग तर तिचा नवरा, पण त्यानेही तो कप परत जागेवर ठेवला नाही.

उरलेल्या गोळ्या आणायला मी तिच्याबरोबर बुलढाण्याला जातो आहे. त्या गोळ्यांनी तिला मळमळतं, म्हणून भात मऊ कर. सकाळी मी तिच्याच कपातून चहा प्यालो. आता माझाही बाजूला ठेव.

गोपाळरावांना लिहिलं, 'रेवतीला नेऊ नका. आम्ही सगळे तिला जपतो.' एवढं खोटं मी कधी लिहिलं नव्हतं. पत्र सकाळीच पेटीत टाकून आलो आहे.