तान्ह्या पोळ्याची हवाई पुष्पवृष्टी

६ जुलै, रविवार
आज आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, महिला मंडळाची मीटिंग. सुमती अध्यक्ष झाली. माझीच पत्नी असल्यामुळे मी शेवटच्या खुर्चीवर बसलो होतो. मावळत्या अध्यक्ष मायाताईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की तान्हा पोळा पार पाडणं म्हणजे घरी बसून भाजी निवडणं नव्हे. एवढी पोरं, एवढे लाकडी बैल, त्यांच्या आया, बक्षिसांवरून होणारी भांडणं, वर पावसाचा नेम नाही. सुमतीचा चेहरा उतरला.

मला ते पाहवलं नाही. मी उभा राहिलो आणि जाहीर केलं की या वर्षी बैलांवर विमानातून पुष्पवृष्टी होईल.

हॉलमध्ये एकदम शांतता. त्या शांततेचा अर्थ मी आदर असा घेतला. वेळेला नवऱ्याने बायकोच्या पाठीशी उभं राहायला हवं, तसा मी राहिलो.

घरी आल्यावर सुमतीने विचारलं, विमान कुठे आहे. मी म्हटलं, घ्यायचं आहे. तिने खिचडी टाकली.

८ जुलै
निवड. ऑफिसात लंचनंतर अभ्यास. रिमोटची छोटी विमानं हजाराच्या आतही मिळतात आणि लाखाच्या वरही. मी विचारपूर्वक हजाराच्या आतलं निवडलं. महागात पार्ट जास्त, आणि पार्ट जास्त तिथे बिघाड जास्त. शेपटी वरखाली होणारं घ्यावं असं एक मुलगा व्हिडिओत सांगत होता. त्याला अजून मिशी फुटलेली नाही.

खोक्यावर लिहिलं आहे, वय वर्षं आठ आणि पुढे. माझं चौपन्न. म्हणजे अनुभव भरपूर.

रंग संत्र्याचा घेतला. निवडीमागे एवढंच कारण नव्हतं, पण बाकीची आता आठवत नाहीत.

१२ जुलै, सकाळी ६.३०
विमान काल आलं. सगळं थर्माकोलचं. हातात घेतलं तर काही घेतल्यासारखं वाटत नाही. आज मागच्या रिकाम्या प्लॉटवर पहिलं उड्डाण.

विमान उडालं. दिशा मात्र त्याने स्वतः ठरवली. मनोहररावांच्या कंपाउंडच्या भिंतीला जाऊन लागलं, डावा पंख मोडला. मनोहरराव झाडांना पाणी देत होते. त्यांनी हळूच सुचवलं की विमान वाऱ्याकडे तोंड करून सोडावं. मी थँक्यू म्हटलं. माणूस रेल्वेतून रिटायर झालेला. जन्मभर रुळांवर राहिला, हवेतलं त्याला काय कळणार?

१३ जुलै
दुरुस्ती. झटपट चिकटणारा गोंद लावला. पंख जोडला जाण्याऐवजी विरघळायला लागला. हा गोंद थर्माकोल खातो. ट्यूबवर तशी सूचना होती म्हणे, पण चष्मा टीव्हीजवळ होता. आता पंखाला भोक आहे. भोकामुळे वजन कमी झालं, ही जमेची बाजू.

ठराव: यापुढे सुताराचा पांढरा गोंद. आधार म्हणून आतून टूथपिक.

१९ जुलै
पाच दिवस पाऊस. पांढरा गोंद वाळतच नाही. शेवटी दोन्ही पंखांना वरून खालून सेलोटेप गुंडाळला. विमान आता मजबूत आहे. इतकं मजबूत की जमिनीवरून उठत नाही. प्लॉटच्या चिखलात बेडकासारखं उड्या मारत गेलं.

सुमती मंडळाच्या वर्गणीसाठी दारोदार फिरते आहे. लोक तिला वर्गणीपेक्षा विमानाबद्दल जास्त विचारतात. मी म्हटलं, बघ, कार्यक्रमाला वजन आलं. ती पावतीपुस्तक ठेवून आडवी झाली. दमली असावी.

२० जुलै
खरा दोष सापडला. तोल. दोन बोटांवर पंख टेकवले की विमान आडवं राहायला हवं. माझं मागे कलतं. म्हणजे नाकाला वजन हवं. परातीतून लिंबाएवढी कणीक घेऊन नाकाला लावली. विमान सरळ. मी स्वतःवर खूश.

चार्जिंगसाठी विमान कट्ट्यावर ठेवलं. कावळा आला आणि नाक घेऊन गेला.

दुपारच्या पोळ्या दोन कमी झाल्या, असं सुमतीने ऐकवलं. ध्येयासाठी घरच्यांना थोडा त्याग करावा लागतो.

२७ जुलै
दोन्ही मोटरी काढून साफ केल्या, परत बसवल्या. पंखे बहुधा उलटे लागले. सोडल्या सोडल्या विमान मागे आलं आणि माझ्या बनियनमध्ये घुसलं. छातीवर खरचटलं. पण विमान रिव्हर्स घेऊ शकतं, हे या किमतीत कोणी दाखवून द्यावं.

शेजारच्या अंकुशने बघितलं. तो बुटीबोरीला कापडाच्या मिलमध्ये मशीन मेंटेनन्स बघतो. त्याने विचारलं, काका, मी पाहून देऊ का एकदा. मी नाही म्हटलं. पायलटने आपलं विमान दुसऱ्याच्या हातात देऊ नये.

२ ऑगस्ट
बर्डीवर, बाजारात गेलो. खेळण्यांच्या तीन दुकानांत स्पेअर पंख विचारले. तिसरा दुकानदार म्हणाला, "साहेब, याले कोणी रिपेअर नाही करत. तुटलं का नवीन घेते." नव्या पिढीला वस्तूंची किंमतच उरलेली नाही. नवीन घेतलं. निळं. फक्त पार्टसाठी.

घरी सुमतीने विचारलं, फुलं ठेवणार कुठे.

हा मुद्दा माझ्याकडून राहिला होता, असं नाही. तो नंतर घ्यायचा होता.

३ ऑगस्ट
घेतला. जुन्या मलमलच्या ओढणीची छोटी थैली शिवली. थैली पोटाखाली टांगायची, तोंडाला सरकगाठ. विमान वळलं की हवेच्या झोताने गाठ आपोआप सुटेल. हॉलमध्ये पंख्याखाली प्रयोग केला. गाठ सुटली नाही, पण हॉलमध्ये वळायला जागाच कुठे आहे. थैलीत मूठभर पाकळ्या मावतात. नीट पसरल्या तर पुरतील.

१० ऑगस्ट
सुमतीने आज समोर बसवून विचारलं, खरं सांगा, उडणार का. मायाताईंनी सगळीकडे सांगून ठेवलंय की या वर्षी पोळ्याचा तमाशा होणार. नावाने ती अध्यक्ष आहे, नाक तिचं कापलं जाणार. हे सगळं ती शांतपणे बोलली.

मी नव्वद टक्के म्हटलं. ती ठीक आहे म्हणाली, फोन घेऊन गॅलरीत गेली आणि मायाताईंशी अर्धा तास बोलत होती. मध्येच दोघी हसल्या. आतापर्यंत एकमेकींशी धड बोलत नव्हत्या. माझ्या विमानाने दोघींना जवळ आणलं.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनानंतर चौघांनी पुष्पवृष्टीबद्दल विचारलं. मी म्हटलं, बघाच.

एक खटकलं. मंडळाच्या बायकांनी मनोहररावांकडे गच्चीची किल्ली मागितली. अंकुशची गच्ची आणि कोपऱ्यावरच्या जयाताईंचीही. पोळा भरतो त्या मैदानाच्या तीन बाजूंना या तीनच गच्च्या आहेत. विमान जवळून बघायची हौस. मी सुमतीला स्पष्ट सांगितलं की वर गर्दी झाली तर पायलटचं लक्ष विचलित होतं. ती म्हणाली, तुम्ही वर पाहूच नका.

१७ ऑगस्ट
निळं विमान उडालं. उडालं म्हणजे खरंच उडालं, विजेच्या खांबाच्या उंचीपर्यंत गेलं आणि गवतात पडलं, न मोडता. त्याला मी अजून हात लावलेला नव्हता, हा योगायोग. प्लॉटवर कोणीच नव्हतं. घरी येऊन सुमतीला उठवून सांगितलं. तिला खरंच बरं वाटलं. डोळ्यांत दिसलं.

संध्याकाळी आणखी चांगलं व्हावं म्हणून त्याचे पंखे साफ केले.

१८ ऑगस्ट
निळं उडत नाही. डावीकडे लोळतं. पंख संत्र्याचे, मोटरी निळ्याच्या, असं एकत्र करून तिसरं विमान तयार केलं आहे. हे पूर्णपणे नागपुरात बनलेलं आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा
सुमती पहाटेच मंडळाच्या बायकांबरोबर बर्डीच्या फूलबाजारात गेली आणि तीन पोती झेंडू घेऊन आली. शिवाय शेवंती. मी समजावलं की थैलीत मूठभरच मावतं. तिला हिशोब कळत नाही, पण हौसेला मोल नसतं, म्हणून जास्त बोललो नाही.

दिवसभर आमच्या हॉलमध्ये बायका पाकळ्या सुट्या करत बसल्या होत्या. मायाताईसुद्धा. मी कोपऱ्यात बसून त्यांच्या ढिगातून हलक्यात हलक्या पाकळ्या निवडल्या. त्या आपसात काही बोलत आणि मी पाहिलं की गप्प होत. माझं काम एकाग्रतेचं आहे, हे त्यांना उमगलं असावं.

२३ ऑगस्ट, शनिवार. तान्हा पोळा. संध्याकाळी ७.४५
जेवणाआधीच लिहून ठेवतो.

चारला पाऊस उघडला. पाचला मैदान भरलं. फेटे, नऊवारी, धोतर नेसलेली पोरं, चाकांवरचे लाकडी बैल, कोणाच्या शिंगांना लायटिंग, कोणाच्या पाठीवर झूल. बहुतेक बायका गच्च्यांवर. इतकं सांगून वरच गेल्या. सुमती मनोहररावांच्या गच्चीच्या कठड्याशी उभी, हात वर केलेला. मला शुभेच्छा देत होती.

तीन, दोन, एक. सोडलं.

विमान गेलं. सूर्य ढगाबाहेर आलेला, थेट डोळ्यांवर. गुलमोहरापर्यंत मला दिसलं, मग दिसेना. सुमतीचा हात खाली आला. आणि पाकळ्या पडायला लागल्या. समोरून, डावीकडून, उजवीकडून. थांबतच नव्हत्या. बैलांच्या पाठी पिवळ्या झाल्या. पोरं तोंड वर करून नाचत होती, एकाने पाकळी खाल्ली. मूठभर फुलं हवेत इतकी पसरतात, हे मला स्वतःला माहीत नव्हतं. उंचीवरच्या वाऱ्याचा परिणाम.

माझे डोळे भरून आले, हे इथे लिहायला हरकत नाही.

माइक मीच घेतला. जिद्द, संशोधन, देशी तंत्रज्ञान यांवर बोललो. मागे हसणाऱ्यांना माफ केलं. कावळ्याचाही उल्लेख केला. टाळ्या थांबेनात. मायाताई पदराने डोळे पुसत होत्या, खांदे हलत होते त्यांचे. सुमती गच्चीवरून खाली येऊन मागे उभी होती, काखेत रिकामी टोपली. तीसुद्धा टाळ्या वाजवत होती.

विमान अजून सापडलं नाही. त्याचं काम झालं. गणपतीत दोन विमानं.

२४ ऑगस्ट, रविवार
सकाळी मनोहरराव आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. जास्वंदीत अडकलं होतं म्हणाले. आज पाऊस येईल असं वाटतं, असंही म्हणाले. चहा न घेता गेले.

विमान होतं. कोणाला दिसू नये म्हणून गुंडाळून आणलं होतं. पोटाखाली थैली. गाठ जशीच्या तशी. आत पाकळ्या, भरलेल्या होत्या तेवढ्याच.

मी सोफ्यावर बसून राहिलो. तीन गच्च्या, तीन पोती, कठड्यावर वर केलेला हात. एकेक गोष्ट समोर येत गेली, आणि कालचं भाषणही. अख्ख्या लेआउटसमोर मी स्वतःला शाबासकी दिली. जिचा कार्यक्रम होता तिचं नावही घेतलं नाही. महिनाभर दारोदार ती फिरली, मायाताईंशी स्वतःहून तीच बोलली, फुलं तिने आणली. मला फार लाज वाटली. अशी लाज बऱ्याच वर्षांत वाटली नव्हती.

सुमती स्वयंपाकघरातून आली, थैली पाहिली. मी विचारलं, कोणीच कसं काही बोललं नाही. मायाताईसुद्धा?

"त्या तर माइक हिसकायला निघाल्या होत्या," ती म्हणाली. "मीच हात धरला. तुमचं तोंड इतकं खुललं होतं, ते उतरलेलं माझ्यानं नाही पाहवलं असतं."

"आणि तुझं नाव?"

"माझं काय, पोळा तर झाला ना चांगला." मग पदराला हात पुसत म्हणाली, "घेतलं असतं तर बरं वाटलं असतं."

सकाळी ११.१०
लेआउटच्या ग्रुपवर लिहून टाकलं. कालची पुष्पवृष्टी विमानाने केली नाही. सुमतीने आणि मंडळाच्या बायकांनी गच्च्यांवरून केली. सगळं तिचं होतं. मी भाषणात तिचं नाव घेतलं नाही, ते आज घेतो. सुमती. पाठवण्याआधी बराच वेळ अंगठा नुसताच धरून ठेवला. पाठवलं.

उत्तरं लगेच आली. मायाताई: माहीत आहे मुकुंदभाऊ. अंकुश: माहीत आहे काका. जयाताई: आम्हीच तर टाकली. मग एक व्हॉइस मेसेज, आवाजावरून पाचसहा वर्षांचा कोणी: "मले बी माहीत होतं."

त्यानंतर कोणीतरी विचारलं, कचऱ्याची गाडी येऊन गेली का.

सुमती मनोहररावांच्या गच्चीवर गेली आहे. पाकळ्या भिजून फरशीला चिकटल्यात, त्या खरडून झाडायच्या आहेत. मग बाकीच्या दोन गच्च्या. मागच्या दाराचा झाडू घेऊन मीही निघतो.