हनुवटीखालचा क्यू

राजेंद्र नगर, इंदूर
१२ जानेवारी २०२५

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम.

आम्ही सगळे ठीक आहोत. तुझ्या चौकीवर बर्फ किती पडलाय ते तू फोनवर सांगत नाहीस, म्हणून टीव्हीवर तिकडची बातमी लागली की आई पोळी तव्यावर टाकून बाहेर धावते. लाइन मिळते तेव्हा बोलणं होतं ते आईशीच, मला नुसतं ‘पढाई कर’ ऐकायला मिळतं. म्हणून हे पत्र. बाबांचं बीपी बरं आहे. सकाळी बगीच्यात फिरतात आणि येताना नगर निगमवरून कोणाशी तरी वाद घालून येतात.

माझं म्हणशील तर खेळ बिघडलाय. खरं सांगू, बिघडवला जातोय. हसू नकोस.

विष्णू सर आठवतात ना? दिवाळीत क्लबवर भेटले होते, पांढऱ्या मिशांचे. मला स्नूकर त्यांनीच शिकवलं, ते मी नाकारत नाही. पण आता तेच माझा घडी बसलेला खेळ उसवून पुन्हा शिवायला निघालेत. आधी पकड. ‘मागची मूठ इतकी आवळू नको. पोळी करताना लाटणं दाबतेस का? हात नुसता सोबत जाऊ दे.’ हे पटलं. मग क्यूची काठी मागे नेली की तिथे जरा थांबायचं, घाईने ढकलायची नाही. हेही पटलं. पण डिसेंबरपासून माझं उभं राहणंच बदललंय. उजवा पाय अजून आत, कंबर वळवलेली, आणि क्यू हनुवटीच्या उजव्या बाजूला, जिथे इतकी वर्षं त्याची खूण पडलीय तिथे नाही, तर डावीकडे. मी वाकले की ते बुटाच्या टोकाने माझा पाय सरकवतात. टेबलाच्या मध्यावरचा निळा बॉल सरळ कोपऱ्यातल्या पॉकेटात घालायचा, हा शॉट मी बोलता बोलता मारायचे. आता तो पॉकेटच्या ओठाला लागून परत येतो.

फेब्रुवारीत राज्य स्पर्धा आहे. आमच्या क्लबमधून मुलींचं एकच नाव जाणार, माझं नाहीतर अनुश्रीचं. अनुश्रीचे पप्पा क्लबच्या कमिटीत आहेत. ती टेबलावर वाकते ती भाजीच्या ठेल्यावर वांगी निवडायला वाकल्यासारखी, पण तिला सर अवाक्षर बोलत नाहीत. सगळी सुधारणा माझ्याच नशिबी का?

आणि परवा ते पॉकेटच्या मागे बसून, अगदी समोरून, माझा व्हिडिओ काढत होते. माझाच. नंतर अनुश्री मला पाण्याच्या कूलरपाशी म्हणाली, “दीक्षा, सर तेरा वीडियो किसी को भेज रहे थे. मैंने पूछा तो फोन जेब में रख लिया.” कोणाला पाठवत असतील? कमिटीला? ‘बघा, पोरीचा खेळ गेला’ म्हणून? आणि अनुश्रीने हे मला का सांगावं, तोही प्रश्नच आहे. मला आता कोणाचंच काही सरळ वाटत नाही.

दिवाळीत गच्चीवर तुला जे बोलले ते तुझ्यापाशीच ठेव. तू शब्द दिलायस. तसं टेन्शन घेण्यासारखं काही नाही.

सांभाळून राहा.

तुझी,
दीक्षा


९ फेब्रुवारी २०२५

दादा,

जय भीम. तुझं पत्र आलं नाही. मी थांबणारही नव्हते.

गेल्या आठवड्यात सरांनी अनुश्रीची आणि माझी मॅच लावली. मी हरले. वाईट हरले. काळा बॉल पॉकेटच्या तोंडाशी होता, कोणीही घातला असता, तोही चुकवला. क्यू ठेवला आणि सगळ्यांसमोर सरांना विचारलं, “माझे व्हिडिओ तुम्ही कोणाला पाठवता?”

त्यांनी मला ऑफिसात नेलं, दार लावलं आणि फोन माझ्यासमोर धरला. व्हिडिओ नोव्हेंबरचा होता, मला न कळत काढलेला. पाय जुनेच, खांदा जुनाच. पण मी वाकले की माझी मान हळूच उजवीकडे सरकते आणि क्यू डाव्या डोळ्याखाली येतो. एकदा नाही, प्रत्येक शॉटला.

“तुझा स्टान्स मी बदललेला नाही,” सर म्हणाले. “तूच बदललास. मी फक्त पाय तुझ्या मानेच्या मागे आणतोय. आणि मी पाय नीट केले की तू हट्टाने मान परत जुन्या जागी नेतेस. म्हणून शॉट जातो. आता सांग, उजव्या डोळ्याला काय झालंय?”

मी म्हटलं, काही नाही. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. “डावा डोळा झाक आणि तारीख वाच.”

दादा, मी वाचली नाही. वाचताच आली नाही. आकड्यांच्या जागी एकावर एक चढलेल्या सावल्या होत्या.

व्हिडिओ ते एका डोळ्यांच्या डॉक्टरांना पाठवत होते, त्यांच्या कॉलेजातल्या मित्राला. दुसऱ्या दिवशी मी आईला घेऊन तिथेच गेले. बुबुळावरचा जो पारदर्शक पडदा असतो, तो पातळ होऊन टोकासारखा पुढे येतोय. डावा अजून चांगला आहे. उजव्यावर औषध घालून खास प्रकाश देतात, त्याने पडदा कडक होतो आणि पुढचं बिघडणं थांबतं. गेलेलं परत येत नाही. डोळे चोळायची सवय वाईट, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. घरी येऊन तिने देवघरातल्या बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली आणि भाजी चिरायला बसली.

मी सरांना म्हटलं, आधी स्पर्धा, मग डोळा. आता मला कळलंय कसं उभं राहायचं, डाव्या डोळ्याने खेळेन. ते म्हणाले, “नाव मी कालच पाठवलं. अनुश्रीचं.”

म्हणजे बघ. जो संशय होता तेच झालं ना शेवटी? ते म्हणतात डोळ्यासाठी. असेलही. पण तिच्या पप्पांचा फोन आलाच नसेल, हे मी कशावरून मानू?

आता तुला विचारते. कॅलेंडरकडे बोट करताना सरांना माहीत होतं. उजवा डोळा म्हणाले, डोळे नाही म्हणाले. मानेवरून इतकं कळतं? हे जगात फक्त तुला ठाऊक होतं. गच्चीवर पणत्या लावताना समोरच्या पणतीच्या मला उजव्या डोळ्याने दोन दिसतात असं मी म्हटलं, तेव्हा तू बाबांना हाक मारायला उठला होतास, मी तुझा हात धरून बसवलं, शपथ घातली. तुला लाइन मिळते तेव्हा तू फक्त घरीच फोन करतोस का? सरांचा नंबर तू क्लबवर घेतला होतास, मी पाहिलंय.

लष्करातला माणूस शब्द देतो आणि मोडतो. छान.

दीक्षा


२ मार्च २०२५

प्रिय दादा,

अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे. काळा चष्मा लावून खिडकीकडे पाठ करून लिहितेय. प्रक्रिया झाली. करताना दुखलं नाही, नंतरचे दोन दिवस डोळ्यात कोणी वाळू भरल्यासारखी आग होती. आता बरं आहे. बाबा दर थोड्या वेळाने येऊन बोटं दाखवतात आणि ‘किती?’ विचारतात. मी चुकीचं सांगितलं की त्यांचं तोंड उतरतं, म्हणून ती गंमत आता बंद केलीय.

अनुश्री दुसऱ्याच फेरीत हरली. फोन आला होता. म्हणाली, “यार, तू होती तो सेमी तक जाती.” खोटं बोलत नव्हती, असं वाटलं. तिच्या पप्पांचं काय ते मला अजूनही माहीत नाही, विचारलंही नाही.

काल संध्याकाळी विष्णू सर घरी आले. आईने चहा केला, शेव ठेवली. ते बाबांशी जुन्या महू छावणीच्या गोष्टी करत बसले. बाबा आत गेले तसं मी विचारलंच, “सर, तुम्हाला दादाने सांगितलं होतं ना?”

“कोणत्या दादाने?”

“नरेंद्रने. माझ्या भावाने.”

“तो दिवाळीत आला होता तो? नाही. त्याने नंबर घेतला, पण फोन कधी नाही केला.” मग कप खाली ठेवून म्हणाले, “का गं, त्याला माहीत होतं?”

मी म्हटलं, नाही.

दादा, तुझ्यासाठी मी त्यांच्याशी खोटं बोलले. मागच्या पत्रात तुला जे लिहिलं ते परत घेते. तू शब्द मोडला नाहीस. कोणालाच सांगितलं नाहीस.

हे कळल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. पण सर गेल्यावर मी बाथरूममध्ये नळ सोडून बसले. रडायची मनाई आहे, औषध वाहून जातं, म्हणून नुसतीच बसले. डॉक्टर म्हणाले होते, दिवाळीच्या सुमारास आला असतात तर या डोळ्यात बरीच नजर राहिली असती. दिवाळीत तू उठला होतास. मी हात धरला आणि तू बसलास. इतका पटकन का बसलास? मी धाकटी आहे, घाबरले होते, शपथा घालणं माझं काम होतं. सरांवर, अनुश्रीवर, कमिटीवर मी महिनोन् महिने संशय घेत राहिले, आणि आता कळतंय की त्यातला एकच संशय खरा निघावा असं मला आतून वाटत होतं. तुझ्यावरचा.

सर म्हणालेत, डोळा बरा झाला की डाव्या डोळ्याच्या हिशोबाने पुन्हा पहिल्यापासून. पाय, मूठ, मान. मी हो म्हटलंय.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. सुट्टी मिळाली की ये. भांडायचं असेल तर भांडू, पण तू माझ्या डावीकडे बस, म्हणजे तुझा चेहरा नीट दिसेल.

जिला दिलेला शब्द तू मोडायला हवा होतास,
ती तुझी
दीक्षा