राजवीरच्या मांडीचा तुकडा

१० जानेवारी

तुकडा घेतला. वाटाण्याहून थोडा मोठा. डाव्या मांडीतून. राजवीर रडला नाही.

फॉर्मलिनमध्ये टाकायचा नाही, हे मी ऑपरेशन थिएटरच्या दारात पुन्हा पुन्हा सांगितलं. स्नायू फॉर्मलिनमध्ये बुडाला की त्यातली निम्मी उत्तरं जातात. तिथल्या नर्सला राग आला. येऊ दे. सलाईनने ओल्या केलेल्या कापडात गुंडाळला, डब्याभोवती बर्फ. डबा मीच मांडीवर घेऊन रिक्षाने पूर्णिमाच्या लॅबमध्ये गेले. रिक्षावाला म्हणाला, "ताई, मासं हाय काय?"

व्हय म्हणाले.

पूर्णिमा जुनी मैत्रीण. पॅथॉलॉजिस्ट. मी कॉलेजात ऊतींचा विषय शिकवते – स्नायू, मज्जातंतू, त्वचा, सगळं सूक्ष्मदर्शकाखाली. माझ्या काचा निरोगी माणसांच्या. तिच्या काचा आजाऱ्यांच्या.

११ जानेवारी

इथे तरी खरं लिहावं. राजवीर बरा होऊ दे, असं मी मागत नाही. मागून काही होत नाही. एकच मागते – आजार असा निघू दे, जो एकट्या आईकडून येत नाही.

पाचव्या वर्षापासून तो पडायला लागला. आता आठवं. जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत, शिडी चढावी तसा स्वतःवर चढतो. पहिल्या डॉक्टरांनी तेवढंच बघितलं आणि म्हणाले, मुलग्यांचा स्नायुक्षय असणार, तो आईकडून येतो. तानाबाईंनी 'आईकडून' एवढाच शब्द सासरी, पेठ वडगावला नेला. अंगणात नणंद होती, शेजारपाजार होता. "तुझ्या म्हायेरचं मासच नासकं! आमच्या वंशाला लावलंस!" यशराज खांबाला टेकून मोबाईल बघत होता. तेव्हा तो माझा नवरा होता.

दोन वर्षांपूर्वी घटस्फोट झाला. गेल्या वर्षी त्याचं दुसरं लग्न. तानाबाईंच्या सख्ख्या भावाची मुलगी केली, स्वप्नाली. "आता भायेरची नको. घरचंच रक्त, खात्रीचं." हे त्या बाजारभर सांगत होत्या. मलाही तिघींनी येऊन सांगितलं.

पुढे राजवीरची त्या स्नायुक्षयाची रक्ततपासणी झाली, तर त्यात काहीच निघालं नाही. म्हणून हा तुकडा. म्हणून मला आशा आहे.

त्यांना आता सासूबाई म्हणत नाही. तानाबाई.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ कुणाला दिला नाही.

१६ जानेवारी

प्रॅक्टिकल. स्नायूचे तीन प्रकार. मुलांनी हाताचा स्नायू लावला. एक जण भिंगातून बघून म्हणाला, "मॅडम, हे तर आमच्या आज्याच्या लेंग्याचं कापड!" सगळे हसले. पट्टे तसेच दिसतात खरे. एक गडद, एक फिकट. आकसताना एकमेकांत सरकतात.

"आणि मॅडम, हा पट्टा आपणहून हलतो का?"

नाही म्हटलं. मज्जातंतू येऊन टेकतो, तो सांगतो, मग हलतो. हृदयाचं वेगळं. ते कुणी सांगायची वाट बघत नाही.

शिकवताना मन दुसरीकडेच होतं. तानाबाईंचं तोंड कसं दिसेल, त्याचा विचार करत होते.

२० जानेवारी

पूर्णिमाने आपली खुर्ची दिली. "तूच बघ आधी."

निरोगी स्नायूचा आडवा छेद फरशीसारखा दिसतो. कोनाकोनाचे तुकडे, साधारण एका मापाचे, नीट बसवलेले. ह्यात एकीकडे फुगलेले मोठे तंतू. एकीकडे वाळून बारीक झालेले, टोकदार. आणि सगळे गटागटाने! स्नायू स्वतः नासतो तेव्हा असा गटाने नासत नाही. इथे एक, तिथे एक, असा नासतो.

मी मान वर केली नाही. "हे स्नायूचं नाही."

"नाही. मज्जातंतूचं."

पाठीच्या कण्यात एक पेशी असते. तिचा धागा पायापर्यंत उतरतो, टोकाला त्याला फांद्या फुटतात, एकेक फांदी एकेका तंतूला टेकते. पेशी मेली की तिचे सगळे तंतू एकदम पोरके. हुकूम नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून झडतात. शेजारची पेशी त्यातल्या काहींना आपल्या फांद्या पाठवते आणि सांभाळते. मग कधीतरी तीही मरते.

मासात खोट नाही. माझ्या पोराच्या मासात काही खोट नाही!

"कुठून येतो ते माहीत आहे ना?" पूर्णिमाने विचारलं.

माहीत होतं. एक बिघाड आईकडून, एक बापाकडून. दोन्ही जमल्याशिवाय होत नाही.

मी हसले. तिने माझ्याकडे बघितलं आणि सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. "आता औषधं निघालीत, संयोगिता. आधी त्याचं बोलू या."

मी म्हटलं, आधी रक्त तपासून पक्कं कर. मला कागद पाहिजे.

९ फेब्रुवारी

कागद आला. राजवीरला तोच आजार. माझंही रक्त पाठवलं होतं. माझ्यात एक बिघाड आहे. अर्धा वाटा माझा, कबूल. उरलेला अर्धा कुणाचा, हे आता त्यांनी मोजावं.

१६ फेब्रुवारी

रविवार. यशराज राजवीरला घेऊन गेला होता. संध्याकाळी उचगावला माझ्या दारात सोडलं, आत आला नाही. कधीच येत नाही.

राजवीर बूट काढता काढता म्हणाला, "मम्मी, स्वप्नाली काकूच्या पोटात बाळ आहे. आजी म्हणाली, हे पळणारं बाळ आहे."

हे पळणारं.

भात लावला. त्याच्या पायांना तेल लावलं. तो झोपला.

१७ फेब्रुवारी

दिवसभर तेच डोक्यात. यशराजमधला बिघाड तानाबाईंकडून आला असेल तर तो त्यांच्या भावातही असू शकतो. भावातून स्वप्नालीत. घरचं रक्त. खात्रीचं!

मी काहीच करायचं नाही. नुसतं गप्प बसायचं. बाळ होईल, बसेल, चालेल, आणि मग एक दिवस अंगणात पडेल. तेव्हा तानाबाई कुणाच्या माहेरचं नाव घेणार? त्यांच्याच माहेरचं!

इतकं शांत कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

१९ फेब्रुवारी

पूर्णिमाला सांगितलं. ती म्हणाली, "तू नाही सांगितलंस तर मी सांगीन. मी डॉक्टर आहे, हे मला दडवता यायचं नाही."

चिडले. मग बसमध्ये वेगळंच सुचलं. गप्प बसलं तर त्यांना कळायला वर्षं जातील. सांगितलं तर आजपासून! मी जशी कागदाची वाट बघत बसले तसे तेही बसतील. तिच्या पोटाकडे बघत.

सांगेन. अंगणात सांगेन.

२२ फेब्रुवारी

पेठ वडगावला गेले. राजवीरला पूर्णिमाकडे ठेवलं.

तानाबाई सुपात मिरच्या निवडत होत्या. "कशाला आलीयास? पोराला सोडायचं आसंल तर रविवारी." शेजारची बाई कुंपणापाशी उभी होती. बरं झालं. मी आवाज चढवला.

"राजवीरचा आजार सापडला. स्नायूचा नाही, मज्जातंतूचा आहे. आणि तो एकट्या आईकडून येत नाही. दोघांकडून आल्याशिवाय होतच नाही. अर्धा माझा. अर्धा तुमच्या मुलाचा."

"माझ्या पोराच्या रक्तात काय न्हाय!"

"मग तपासा की."

"पुस्तकं वाचून आलीया मला शिकवाय! आमच्या सात पिढ्या तालमीत गेल्यात."

यशराज बाहेर आला. "आई, गप की जरा." मला म्हणाला, "किती दिवसांत कळतं?"

"दोन-तीन आठवडे. आधी तुझं. त्यावरून मग स्वप्नालीचं." स्वप्नालीचंही आत्ताच पाठवता आलं असतं. वेळ वाचला असता. पण मला आधी त्याच्या नावाचा कागद हवा होता.

स्वप्नाली उंबऱ्यात उभी होती. बावीस-तेवीसची असेल. "ताई, माझ्या बाळाला पण?"

मी म्हटलं, असू शकतं. तुम्ही सगळे एकाच घरातले.

ती खाली बसली. तानाबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. त्यांना गप्प झालेलं मी पहिल्यांदा बघितलं. बघून घेतलं.

येताना भेळ घेतली. राजवीर म्हणाला, "आज काय आहे?"

२५ फेब्रुवारी

यशराजने रक्त दिलं.

२ मार्च

राजवीरचं औषध ठरवायला डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर सांगत होते, मी ऐकत होते. पण मोबाईल टेबलावर उताणा ठेवला होता.

६ मार्च

स्वप्नालीचा मेसेज. "ताई झोप येत नाही." उत्तर दिलं नाही. दोनदा लिहून पुसलं.

१२ मार्च

यशराजचा रिपोर्ट आला. त्याच्या रक्तात बिघाड नाही. बाळाला धोका नाही.

दुसऱ्यांदा तपासायला सांगितलं होतं. तेही झालंय. नाही.

पूर्णिमा म्हणते, क्वचित असं होतं. बापाच्या रक्तात काही नसतं, त्या एकाच बीजात बिघाड नव्याने होतो. शंभर घरांत एखाद-दुसरं. तसंच झालं असणार. यशराजशिवाय माझ्या आयुष्यात कुणी आलेलं नाही. हे आता तिथे कुणाला सांगू?

तानाबाईंचा फोन आला. ओरडल्या नाहीत.

"माझ्या दारात उभी राहून तूच सांगितलंस की. दोघांकडनं आल्याबिगार हुतच न्हाय. मग आता सांग – दुसरा कोण?"