तू हो पुढे

४ मार्च, मंगळवार
आज पुन्हा हॉस्पिटलच्या वॉर्डाच्या दारापर्यंत गेलो आणि थबकलो. सोबत शिलाईवाली होती — टेलरच्या दुकानात काम करते, आमच्या चर्चच्या तरुणांच्या वर्गातली सगळ्यात तयारीची. तिला म्हणालो, "तू हो पुढे. करून बघितल्याशिवाय सेवा शिकता येत नाही." किती सहज बोललो! ती गेली. एका म्हाताऱ्याचा हात धरून बसली, छोटीशी प्रार्थना केली. मी व्हरांड्यात भेटीच्या वेळांचा फलक वाचत उभा. तीनदा वाचला.

५ मार्च
लांब्या, तो उंच पोरगा, डोळ्यांसमोरून हलत नाही.

७ मार्च
लिहूनच टाकतो.
दोन वर्षांपूर्वी लांब्यालाही असंच पाठवलं होतं. विशीतलं पोर, मी हाताशी धरून तयार केलेलं पहिलंच. "तू हो पुढे, मी आलोच." आत एक ट्रकड्रायव्हर शेवटच्या घटका मोजत होता. नर्सने मागाहून सांगितलं — त्याने विचारलं, "मी वाचेन ना?" लांब्या म्हणाला, "नक्की!" तासाभरात माणूस गेला. त्याची बायको सगळ्यांदेखत लांब्यावर ओरडली, "खोटारडा!" त्यानंतर तो कधी उपासनेला आला नाही.
मंडळीला मी सांगितलं, मीटिंगमध्ये अडकलो होतो.
कसली मीटिंग! खाली पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून होतो. वडील गेले तेव्हापासून मरणाऱ्या माणसाजवळ मला उभं राहवत नाही. आणि पाळक म्हणवतो स्वतःला! भित्रेपणाला 'प्रशिक्षण' असं गोंडस नाव दिलंय, एवढंच.

१० मार्च
घरी ही म्हणाली, "दोन वर्षं तोंडात मारल्यासारखे फिरताय. कुणाजवळ तरी बोला." शिलाईवालीला सांगितलं, दुकानात. ती कॉलर उसवत होती. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पास्टर, आमच्या क्लासच्या बाई आधी स्वतः मशीनवर बसायच्या. मग आम्हाला बसवायच्या." बस्स. पुन्हा उसवायला लागली.
कान लाल झाले माझे.

१३ मार्च
सकाळीच शिलाईवालीचा फोन. "लांब्याची आई अ‍ॅडमिट आहे. डॉक्टरांनी आशा सोडलीय. मी येते सोबत — पण आत आधी तुम्ही."
पार्किंगमध्ये स्कूटर लावली. थांबलो नाही, वर गेलो. लांब्या उशाशी बसून आईचे ओठ ओल्या कापसाने टिपत होता. केस विरळ झालेत त्याचे. मला पाहिलं, खुर्ची सरकवली. "काही बोलू नका, पास्टर. नुसते बसा."
बसलो. आईने विचारलं, "मी बरी होईन का रे?" तो म्हणाला, "माहीत नाही, आई. पण मी इथून हलणार नाही." मग हळू आवाजात प्रार्थना केली.
हे कुणी शिकवलं त्याला? मी तर नाही.

१५ मार्च
पहाटे लांब्याची आई गेली. मी खोलीत होतो. शेवटपर्यंत.

१६ मार्च
दफन झाल्यावर लांब्याला बाजूला घेतलं. "त्या दिवशी मीटिंग नव्हती रे —" त्याने थांबवलं. "ठाऊक आहे. तो ड्रायव्हर विचारत होता, वाचेन का म्हणून. काय सांगू, ते तुम्हाला विचारायला मी खाली आलो होतो. तुम्ही स्कूटरवर रडत होतात. म्हणून तसाच परत वर गेलो."